हिवताप परत आला तेव्हा

१९६१ साली संपूर्ण भारतात हिवतापाचे ४९,१५१ रुग्ण नोंदवले गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांपूर्वी, याच देशात दरवर्षी साडेसात कोटी माणसे हिवतापाने फणफणत होती आणि आठ लाख दगावत होती. त्या वेळची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी होती, म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक जण आजारी. साडेसात कोटींवरून पन्नास हजारांच्या आत येणे ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली मोठी कामगिरी होती आणि तिचा आत्मविश्वासही तितकाच मोठा होता. १९६३ मध्ये दिल्लीच्या ‘मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’चे नाव बदलून तिला सर्वच संसर्गजन्य रोगांची राष्ट्रीय संस्था करण्यात आले. हिवतापासाठी वेगळी संस्था कशाला, असे वाटावे असाच तो काळ होता.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७६ मध्ये, नोंदवलेल्या रुग्णांचा आकडा ६४ लाख ७० हजारांच्या घरात गेला.

२०२३ मध्ये देशात सुमारे २ लाख २७ हजार रुग्णांची नोंद झाली. या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला वीस लाख रुग्ण असत, हे पाहता ही घट मोठीच आहे. तरीही १९६१ चा नीचांक आपण साठ वर्षांत पुन्हा गाठलेला नाही. २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा, असे सरकारचे उद्दिष्ट आहे. ते गाठता येईल का, याचे उत्तर आजच्या आलेखापेक्षा १९६१ ते १९७६ या पंधरा वर्षांत अधिक सापडते.

इंग्रजी अमदानीत हिवताप हा भारतीय जगण्याचा भागच मानला जाई. पावसाळा सरला की तापाची साथ यायची, शेतीचा हंगाम बुडायचा आणि मुलांच्या पोटात पानथरी वाढलेली दिसायची. गावात हिवताप किती मुरला आहे हे पाहायला डॉक्टर मुलांची पोटे चाचपून पानथरी किती जणांची वाढली आहे याची टक्केवारी काढत. १९०८ च्या शरद ऋतूत पंजाबात अशी साथ आली की दोन महिन्यांत सुमारे तीन लाख माणसे गेली. एस. आर. ख्रिस्तोफर्स या लष्करी डॉक्टरने त्या साथीचा अभ्यास केला. अतिवृष्टी आणि धान्याची महागाई यांची सांगड जिथे पडली तिथे मृत्यूंचे थैमान सर्वाधिक होते, हे त्याने नकाशे आणि आकडे मांडून दाखवले. डास सगळ्यांनाच चावतो, पण अर्धपोटी माणूस आधी मरतो, हे तेव्हाच नोंदले गेले होते. पुढे १९३० च्या दशकात जॉन सिंटन याने हिवतापाने देशाचे किती नुकसान होते याचा हिशेब मांडला. त्याच्या अंदाजाने वर्षाला दहा कोटी माणसे आजारी पडत आणि दहा लाख थेट या तापानेच मरत.

औषध म्हणजे क्विनीन. ते ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून निघते त्याची लागवड सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ केली होती. बंगालमध्ये १८९२ पासून क्विनीनच्या पुड्या एका पैशाला टपाल कचेरीत विकल्या जाऊ लागल्या. कल्पना चांगली होती, पण पुडी पोचायची ती टपाल कचेरी असलेल्या गावापर्यंतच.

रोग पसरवतो कोण, याचा छडा भारतातच लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याला एका डासाच्या पोटाच्या भिंतीवर हिवतापाच्या जंतूची वाढती अवस्था दिसली. त्या डासाने हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायले होते. दर डासामागे एक आणा या बोलीवर हुसेन खानाने स्वतःला चावून घेतले होते. रॉसला १९०२ चे नोबेल मिळाले. त्या तपासात हुसेन खानाच्या रक्ताचाही वाटा होता.

या शोधानंतर डासांचा माग काढायला जे डॉक्टर कामाला लागले त्यांत ग्लेन लिस्टन हा एक होता. त्याची नेमणूक वऱ्हाडातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात होती. तिथे वर्षभर डासांच्या सवयी टिपून १९०१ मध्ये त्याने एका जातीचे वर्णन केले: ॲनॉफिलिस स्टीफन्साय. विहिरी, हौद, टाक्या अशा माणसाने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात ही जात वाढते, म्हणून शहर तिला मानवते. लिस्टन पुढे मुंबईत आला. १९०८ मध्ये बंदर भागात हिवताप उसळला तेव्हा त्या साथीचा अभ्यास त्यानेच केला. अचलपुरात ओळख पटलेला डास मुंबईच्या विहिरींमध्ये आधीपासून मुक्कामाला होता.

मुंबईत तेव्हा नळाचे पाणी आले होते, पण वाड्यांतल्या, चाळींतल्या, अग्यारींतल्या विहिरी शाबूत होत्या. चार्ल्स बेंटली याने १९११ मध्ये शहराच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि त्यात विहिरींवर बोट ठेवले. पालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा आग्रह धरताच शहरात मोठा वाद उठला. पारशी समाजाच्या धर्मविधींना विहिरीचे पाणी लागते. अनेक हिंदू कुटुंबेही पूजेला नळाचे पाणी चालवून घेत नसत. अखेर बऱ्याच ठिकाणी तडजोड निघाली: विहीर राहील, पण तिला झाकण बसेल, आणि झाकणात पाणी काढण्यापुरती बारीक जाळीची झडप असेल. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता डासाची वाट अडवायची, हा उपाय साधा होता. मात्र जाळी फाटली की तो फसत असे, म्हणून कोणीतरी फिरून प्रत्येक झडप तपासत राहणे भाग होते. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल याला मुंबईच्या हिवतापावर पुन्हा नव्याने अहवाल लिहावा लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डीडीटी हाती आले आणि सगळा डावच बदलला. डास माणसाला चावला की जड झालेले अंग घेऊन जवळच्या भिंतीवर टेकतो. त्या भिंतीवर डीडीटीचा थर असेल तर तो डास दुसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. दलदल आटवायला नको, नाले बुजवायला नकोत. घराच्या आणि गोठ्याच्या भिंती आतून फवारल्या की काम होते. हे मोठ्या प्रमाणावर प्रथम करून दाखवणाऱ्यांत जुना मुंबई प्रांत आघाडीवर होता. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांतल्या, हिवतापाने पोखरलेल्या जंगलपट्टीतल्या गावांत फवारणी सुरू केली आणि काही वर्षांतच ती प्रांताच्या मोठ्या भागात नेली. त्यांचे सहकारी डॉ. टी. रामचंद्र राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले. भारतातल्या ॲनॉफिलिस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. १९५३ मध्ये देशभरासाठी हिवताप नियंत्रण कार्यक्रम आखताना मुंबई प्रांताचा हा अनुभव हाताशी होता.

पाच वर्षांत देशातले रुग्ण वीस लाखांच्या आसपास आले. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावात ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले. त्यामागचे गणित नेमके होते. माणसाच्या अंगातला हिवतापाचा जंतू कायमचा राहत नाही. त्याच्या जातींपैकी फाल्सिपॅरम साधारण वर्षभरात संपतो, व्हायवॅक्स यकृतात दडून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, पण तोही बहुधा तीनेक वर्षांत थकतो. तेवढा काळ नवी लागण रोखली, तर डास उरले तरी त्यांना पसरवायला जंतूच उरत नाही. मग फवारणी थांबवायची आणि उरलासुरला रुग्ण हुडकत राहायचे.

हे हुडकणे ज्याच्यावर सोपवले होते तो होता हिवताप सर्वेक्षण कर्मचारी. दहा हजार लोकवस्तीमागे एक माणूस आणि दर पंधरवड्याला प्रत्येक घराची फेरी, म्हणजे पंधरा दिवसांत सुमारे दोन हजार घरे. दारात उभे राहून विचारायचे: घरात कोणाला ताप आहे का? मागच्या खेपेनंतर कोणाला येऊन गेला का? पाहुणा कोणी आला आहे का? ‘हो’ म्हटले की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, एक जाड थेंब आणि एक पातळ थर. जाड थेंबात जंतू आहे की नाही ते कळते, पातळ थरात तो कोणत्या जातीचा ते ओळखता येते. मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या, वहीत नोंद करायची, भिंतीवर भेटीची तारीख लिहायची आणि पुढच्या दाराकडे वळायचे. काचपट्टी प्रयोगशाळेत जाई, तिथे ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जाई. हा रंगही देशी होता. मलेरिया इन्स्टिट्यूटमध्ये जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो तयार केला आणि दोघांच्या आद्याक्षरांवरून तो ‘जेएसबी’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत वाढलेल्या एका पिढीला भिंतीवरच्या त्या तारखा आजही आठवतात.

१९६१ चा आकडा उभा होता तो या दोन पायांवर, फवारणीवर आणि पायपिटीवर. दोन्ही पाय एकाच वेळी लुळे पडत गेले.

डीडीटीला डास सरावू लागल्याची चिन्हे १९५० च्या दशकाच्या अखेरीसच पश्चिम भारतात दिसली होती. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारी मुख्य जात, क्युलिसिफेशीज, या औषधाला दाद देईनाशी झाली. त्यातच डीडीटीचा पुरवठा अपुरा आणि उशिरा होऊ लागला. फवारणीची पथके तयार आणि औषध मात्र पावसाळा उलटल्यावर, असे प्रकार घडू लागले. जिथे आकडे खाली आले होते तो प्रदेश ‘देखभाल’ टप्प्यात टाकून नेहमीच्या आरोग्ययंत्रणेकडे सोपवला गेला, पण तिथली प्राथमिक केंद्रे अजून उभी राहत होती. काचपट्ट्या प्रयोगशाळेत साचू लागल्या. रक्त घेतल्यापासून निदान कळेपर्यंत आठवडे गेले तर तोवर त्या एका रुग्णाकडून शेजारपाजारी लागण पोचलेली असते. शासनाचे लक्षही इतरत्र वळले. देवीचे निर्मूलन आणि कुटुंबनियोजन ही त्या काळातली अग्रक्रमाची कामे ठरली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर वेगवेगळ्या कार्यक्रमांचे कर्मचारी ‘बहुउद्देशीय’ झाले. एकाच माणसाच्या पिशवीत लस, गोळ्या, नोंदवह्या आणि काचपट्ट्या आल्या. कामे वाढली तशा घराघरांतल्या फेऱ्या विरळ झाल्या.

आणखी एक मोठी उणीव आखणीतच होती. राष्ट्रीय कार्यक्रम होता तो खेड्यांसाठी. शहरांचा हिवताप पालिकांनी पाहावा, असे ठरले होते. पालिकांना ते झेपले नाही. शहरातल्या टाक्यांत स्टीफन्साय वाढत राहिला आणि शहरात मजुरीला आलेला माणूस ताप घेऊन गावी परतू लागला. शहरांसाठी वेगळी योजना आली ती १९७१ मध्ये. १९७३ मध्ये आसामात कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपॅरम सापडला, आणि भरवशाचे औषधही डळमळू लागले.

१९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता आणि रुग्ण लाखभर होते. तिथून अकरा वर्षांत आकडा साठ पटींहून अधिक वाढला. १९७७ मध्ये ‘सुधारित कार्ययोजना’ आली. तिने निर्मूलनाचा हट्ट सोडला आणि मृत्यू टाळणे, रोग आटोक्यात ठेवणे एवढेच ध्येय धरले. त्याच वर्षी हिवतापाच्या संशोधनासाठी पुन्हा एक स्वतंत्र केंद्र काढावे लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण वीस लाखांच्या आसपास उतरले आणि पुढची वीस वर्षे तिथेच, वीस ते तीस लाखांच्या मध्ये, अडकून राहिले. फाल्सिपॅरमचा वाटा मात्र वाढत जाऊन निम्म्याच्या आसपास पोचला. १९९४ मध्ये राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांत अतिवृष्टीनंतर आलेल्या साथीने कोरडा प्रदेशही सुरक्षित नाही हे दाखवून दिले. मुंबईत बांधकामे जोरात असताना, २०१० मध्ये, एका वर्षात ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. स्लॅबवर साठवलेले पाणी, उघडे पिंप, झाकण नसलेली टाकी या जागा बेंटलीच्या काळातल्या विहिरीचेच काम करत होत्या. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे पालिका सांगते ते एवढ्यासाठीच.

खरी उतरण लागली ती २०१५ नंतर. त्या वर्षी सुमारे ११ लाख ६९ हजार रुग्ण होते. २०१७ मध्ये ८ लाख ४४ हजार, २०१८ मध्ये ४ लाख २९ हजार, २०१९ मध्ये ३ लाख ३८ हजार. यात सर्वांत मोठा वाटा ओडिशाचा आहे. देशातले चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण एकट्या या राज्यात असत. तिथे २०१७ मध्ये कीटकनाशक भिनवलेल्या टिकाऊ मच्छरदाण्या एक कोटीहून अधिक वाटल्या गेल्या. ‘दमन’ नावाच्या मोहिमेत दुर्गम पाड्यांवर आरोग्यपथके गेली आणि ताप असो वा नसो, सगळ्या गावाची रक्ततपासणी करून बाधितांना औषध देऊ लागली. आशा कार्यकर्तीच्या हातात झटपट चाचणीची पट्टी आली. निदान पंधरा-वीस मिनिटांत, तिच्याच अंगणात. फाल्सिपॅरमसाठी आर्टिमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे मिळू लागली. २०१६ मध्ये चार लाखांवर असलेले ओडिशातले रुग्ण तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आत आले. बारकाईने पाहिले तर यशाचे मूळ जुनेच आहे: कोणीतरी दारापर्यंत गेले, बोटातून रक्त घेतले आणि गोळी समोर द्यायला थांबले.

या आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. सरकारी नोंदीत २०२३ चे मृत्यू ८३ आहेत. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वीस लाख रुग्ण आणि साडेतीन हजार मृत्यूंचा आहे. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका अभ्यासाने घरोघर विचारपूस करून हिवतापाने वर्षाला दोन लाख मृत्यू होतात असे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद राहिला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. खासगी दवाखान्यात सुई घेऊन घरी गेलेला आणि जंगलातल्या पाड्यावर कोणालाही न दिसता गेलेला, असे दोन्ही रुग्ण वहीत येत नाहीत. शिवाय २०२१ मध्ये १ लाख ६१ हजारांवर आलेला आकडा त्यानंतर दोन वर्षे चढलेला आहे.

महाराष्ट्रात हिवताप आता मुख्यतः दोन टोकांना आहे. एकीकडे मुंबई, दुसरीकडे गडचिरोली. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत जंगल, भातखाचरे आणि झरे आहेत. पिकाच्या राखणीसाठी माणसे रात्री शेतावर झोपतात, तिथे फवारलेली भिंत नसते. पावसाळ्यात ओढे भरले की गाव आरोग्यकेंद्रापासून तुटते, आणि नेमका तोच हिवतापाचा मोसम असतो. पलीकडे छत्तीसगडचे जंगल लागते. डास आणि ताप आलेला माणूस दोघेही राज्याची सीमा ओळखत नाहीत, म्हणून एका जिल्ह्याची मोहीम एकट्याने पुरी पडत नाही.

पुढे काय, याचे उत्तर शेजारच्या देशाकडे पाहून देता येते. श्रीलंकेत १९६३ मध्ये फक्त सतरा रुग्ण उरले होते. तिथेही दक्षता सैल झाली आणि दशक संपायच्या आत पाच लाखांहून अधिक रुग्णांची साथ उसळली. त्या धड्यानंतर त्यांनी दुसऱ्यांदा काम केले ते वेगळ्या पद्धतीने. फिरत्या दवाखान्यांतून ताप आलेल्या प्रत्येकाचे रक्त तपासले, आकडे घसरल्यावरही यंत्रणा मोडली नाही आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी तिथल्या मन्नार भागात स्टीफन्साय आढळला. हा डास २०१२ मध्ये जिबूतीत दिसला होता, नंतर इथिओपियात पोचला, आणि आफ्रिकेतल्या शहरांना आता त्याची धास्ती आहे. त्याच आफ्रिकेतल्या मुलांसाठी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑक्सफर्डच्या साथीने विकसित झालेली आर-२१ लस बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती लस फाल्सिपॅरमवर आहे. भारतात मोठा वाटा असलेल्या व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. तिथे प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स हाच आधार आहे, आणि तो पुष्कळ रुग्ण ताप उतरताच तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडून देतात. यकृतात राहिलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो आणि डासामार्फत शेजाऱ्यापर्यंत जातो.

सलग तीन वर्षे देशांतर्गत लागणीचा एकही रुग्ण नसेल तरच हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळते. ती तीन वर्षे कसोटीची असतील, कारण तेव्हा दवाखान्यात रुग्ण नसेल, वर्तमानपत्रात बातमी नसेल आणि अंदाजपत्रकात हिवतापाची तरतूद अनाठायी वाटू लागेल. १९६३ मध्ये संस्थेच्या नावातून ‘मलेरिया’ काढला गेला तो अशाच वेळी. म्हणून एकेका जिल्ह्याचा आकडा शून्यावर येत असताना तिथली हिवताप कर्मचाऱ्यांची पदे, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि आशांचा चाचणी पट्ट्यांचा साठा कमी होणार नाही, याची हमी राज्य सरकारांनी आताच लेखी द्यायला हवी. आणि ताप आलेल्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे, हिवताप निघाला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांचा कोर्स शेवटच्या दिवसापर्यंत पुरा करावा.